तीन नंबरच्या पिंजऱ्याचं वजन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी मला माझाच राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नात्यातल्या माणसांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. पण स्वतःच्या अकलेबद्दल शंका घ्यायला लावली ती दोन डबे पावडरीच्या चोरीने. यात मी कुणाचंच नाव सांगणार नाही. नावांची गरजही नाही.

तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीचा काही भाग आमच्या हद्दीत येई. तिथल्या तक्रारी ठरलेल्या: तांब्याची तार गेली, भंगार गेलं, शिफ्ट सुटताना हाणामारी झाली. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एक तक्रारी अर्ज पुढे ठेवला आणि तोंड फिरवून हसला.

अर्ज एका प्रयोगशाळेचा होता. तिथे पांढऱ्या उंदरांवर चाचण्या चालत. कॅन्सर झालेलं माणूस वाळत जातं, खाल्लेलं अंगाला लागत नाही, हे आपण प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिलेलं असतं. एका कंपनीने त्यावर पूरक आहार म्हणून पावडर तयार केली होती. माणसांना देण्याआधी ती गाठ असलेल्या उंदरांना खाऊ घालून बघायची, असं ते काम. काही पिंजऱ्यांना साधं खाद्य, एकाला पावडर मिसळलेलं. पावडरीच्या डब्यावर नाव नाही, फक्त हिरवी पट्टी. तिमाही मोजणीत हिरव्या पट्टीचे दोन डबे कमी आले होते.

माझ्यासोबत एक जुने हवालदार असत. जिभेला हाड नसलेला माणूस. ते म्हणाले, "सायेब, डोंगर पोखरून उंदीर निघतोय म्हणत्यात. हितं उंदरं पोखरून काय निघतंय बगू."

आम्ही प्रयोगशाळेत गेलो. प्रमुख होत्या एक डॉक्टरबाई, शिक्षणाने पशुवैद्यक. कंपनीला संशय होता की दुसऱ्या कंपनीने माणूस फोडून पावडर पळवली. बाईंना मात्र दुसरीच काळजी होती. "साहेब, चोर कोण हे तुम्ही शोधालच," त्या म्हणाल्या. "पण ती पावडर कुणी खात असेल, तर ते मला आधी कळायला हवं. ती अजून माणसांसाठी नाही." मी ते वाक्य त्यांच्या जबाबात लिहून घेतलं आणि जबाबातच ठेवलं.

भांडाराच्या किल्लीपर्यंत ज्यांचा हात पोचत होता अशा सगळ्यांचे जबाब झाले. सगळ्यांचं उत्तर एकच, नाही. त्यांतला एक उंदरांची देखभाल करणारा होता. सहा फूट उंच, कान मोडलेले. सगळे त्याला पैलवानच म्हणत. पिंजरे धुणं, खाद्य घालणं आणि रोज सकाळी एकेक उंदीर काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिणं हे त्याचं काम. मी गेलो तेव्हा तो एका उंदराला तळहातावर घेऊन त्याच्याशी काहीतरी बोलत होता. आम्हाला बघून त्याने उंदीर पिंजऱ्यात सोडला.

चौथ्या दिवशी खबर आली. कोल्हापुरात शाहूपुरीत खुराकाचं एक दुकान आहे. बदाम, खारीक, खसखस आणि हल्ली व्यायामशाळेतली पोरं घेतात ते पावडरीचे मोठे डबे. दुकानदार आमच्या जुन्या ओळखीचा. त्याने फोन करून सांगितलं, "सायेब, एक गिऱ्हाईक आलतं. कागदाच्या पुडीत चिमूटभर पावडर घिऊन. पावणं, असली मिळंल काय, म्हणालं. घरात पेशंट हाय, हाय ती पावडर आठ दिसात संपंल म्हणालं. म्या वास घिऊन बघितला, आपल्याकडं तसलं काय न्हाय."

"दिसायला कसा?"

"तालमीतला हाय की. कान मोडल्यालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पैलवानाला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. आता एक अनुभवाची गोष्ट सांगतो. चौकशीत मी पहिला प्रश्न गुन्ह्याचा कधी विचारला नाही. माणूस ज्याला भितो त्याबद्दल खोटं बोलतो. ज्यावर त्याचा जीव असतो त्याबद्दल त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि तालमीचं विचारलं. माझा मामा वस्ताद होता, त्यामुळे गप्पा जुळायला वेळ लागला नाही.

"खुराक काय हुता तुझा?"

"म्हशीचं दूध, तूप, बदाम. आक्का आणायची की. एक दिवस आड, किटली घिऊन, यष्टीनं."

"आक्का म्हणजे थोरली बहीण?"

पैलवानाने मान हलवली आणि कपाकडे बघू लागला. एवढा वेळ मोकळा बोलणारा माणूस एका शब्दावर थांबला, हे मी मनात नोंदवलं आणि विषय बदलला. म्हटलं, उंदरांचं सांग.

त्याचा चेहरा उजळला. "सायेब, तीन नंबरचा पिंजरा लई गुणाचा. बाकीची उंदरं वाळाल्यात. ह्या पिंजऱ्यातली वजनाला चढाल्यात. मी सवता काट्यावर घेतोय की रोज."

"त्यांना काय वेगळं घालतोस?"

"हिरव्या पट्टीचं."

"मग आक्काचं किती चढलं?"

हा प्रश्न मी अंदाजानेच टाकला होता. पैलवानाने कप खाली ठेवला. मग एवढा दांडगा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. हुंदक्यातच म्हणाला, "तीन किलो, सायेब. तीन किलो चढलंया."

आई लहानपणीच गेली, आक्कानेच त्याला वाढवलं. लग्न होऊन ती हातकणंगले तालुक्यातल्या एका गावी गेली, तरी तालमीतल्या भावाचं दूध तिने कधी चुकवलं नाही. आता तिच्या ओटीपोटात गाठ निघाली होती. केमोचा एक डोस झाला आणि बाई काडीसारखी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगात जरा ताकद येऊ दे, मग पुढचा डोस. इकडे पैलवानासमोर रोज वजनं चढणारा पिंजरा. त्याने दोन डबे उचलले आणि रोज चार चमचे दुधातून आक्काला सुरू केले. गावातल्या दूध संस्थेत पेंडीची पोती तोलायचा काटा असतो, त्यावर दर आठवड्याला तिला उभं करायचं. काटा चढत होता. पुढच्या डोसची तारीख येऊन गेली, तरी कुणी दवाखान्यात गेलं नाही. "दाजी म्हणालं, वजन चढालंय, तर सलाईन लावून परत कशाला वाळवायची? मलाबी पटलं, सायेब."

खरं सांगतो, मलाही पटलं. आम्ही कोल्हापूरची माणसं. अंगावर मांस चढलं म्हणजे दुखणं हटलं, हे आमच्या रक्तातच आहे. आजाऱ्याला बघायला गेलो की आम्ही तब्येत विचारत नाही, वजन विचारतो. पैलवानाचा जबाब लिहून त्याला सोडलं. आक्काच्या घरी उरलेला डबा पंचांसमक्ष जप्त करायचा होता. ते काम त्याच दिवशी करता आलं असतं. पण मी मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ढकललं. मनात म्हटलं, बाईला गुण येतोय, आणखी चार चमचे पोटात गेले तर कुणाचं काय बिघडतंय? हवालदार तर एक पायरी पुढे. "सायेब, एवढं लागू पडत असंल तर आमच्या मेव्हण्यालाबी बगूया की." आम्ही मुद्देमाल वाटायला बसलो नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा पुरवणी जबाब घ्यायला गेलो. चोर सापडल्याचं सांगितलं आणि जरा मोठेपणाच्या सुरात म्हणालो, "बाई, तुमची पावडर तर नंबर एक निघाली. उगीच काळजी करत होता. पेशंटचं वजन तीन किलोने वाढलंय."

बाई हसल्या नाहीत. उठून कपाटातून त्यांनी दुसरी वही काढली.

"पैलवानांची नोंद ग्रॅमभरही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते जिवंत उंदीर तोलतात. त्यात गाठ आली, पोटात साठलेलं पाणी आलं. उंदीर मेला की आम्ही वरच्या खोलीत गाठ काढून वेगळी तोलतो, पाणी वेगळं मोजतो आणि वजा करतो. मग उरतो तो उंदीर."

"आणि तीन नंबरच्या पिंजऱ्यातला?"

"उरलेला उंदीर इतरांपेक्षा जड नाही. मांडीचं मांस तितकंच झिजलंय. वाढली ती गाठ आणि पाणी."

"म्हणजे पावडरीने गाठ वाढली?"

"तसं मी म्हणणार नाही. एवढ्याशा पिंजऱ्यांवरून ते म्हणता येत नाही, आणि उंदरावरून माणसाचं तर नाहीच. पावडरीचा उपयोग झाला असंही म्हणता येत नाही. आज माझ्या हातात इतकंच आहे."

"हे पैलवानाला माहीत नाही?"

"उंदीर मेले की ते त्या खोलीकडे फिरकत नाहीत. त्यांना बघवत नाही." मग त्यांनी वही मिटली. "साहेब, त्या बाईंचं पोट फुगलंय का, पायाला सूज आहे का, ते बघा. मी माणसांची डॉक्टर नाही. पण त्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या."

बाईंनी पहिल्याच दिवशी जे सांगितलं होतं ते माझ्याच अक्षरात माझ्याच फाईलला होतं. आणि मी हातचा एक दिवस दयेपोटी घालवला होता.

पैलवान उंदरांना खाद्य घालत होता. त्याला तसाच जीपमध्ये घेतला. आक्काचं गाव दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, म्हणून तिथे फोन करून नोंद करायला सांगितलं. वाटेत त्याला एवढंच सांगितलं, आक्काला बघायला चाललोय.

दारात पोलिसांची जीप बघून अर्धी गल्ली जमली. दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, घाबरून हात जोडत बाहेर आले आणि आम्ही काही विचारायच्या आत सांगू लागले, "तब्येत लई सुधारलीया, सायेब. परवाच काट्यावर घेतली."

आक्का बाहेरच्या सोप्यात खाटेवर बसली होती. पदर पोटावरून लपेटून घेतलेला. मला बघून म्हणाली, "या पावणं, बसा. डब्यापायी आलासा न्हवं? त्या फळीवर हाय. न्या."

मी तिच्याकडे नीट बघितलं. दंडाची नुसती हाडं. बांगड्या कोपराकडे सरकू नयेत म्हणून तिने त्यांना दोरा गुंडाळला होता. गालाचे खड्डे दिसत होते. आणि पदराखाली पोट घागरीसारखं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची गत झाली होती. सगळे काट्यावरचा आकडा वाचत होते, आणि बाई समोर बसलेली होती.

मी विचारलं, "आक्का, त्या पावडरीनं खरंच बरं वाटतंय का?"

तिने आधी भावाकडे बघितलं. "तू जरा आत जा. दाजींस्नी च्या ठेवाय लाव." तो आत गेला तशी हळू आवाजात म्हणाली, "न्हाय, सायेब. पोलक्याचं दंड ढिलं हुयालेत आणि परकराची नाडी पुरंना झालीया. बाईच्या जातीला नाडी खरं सांगती. आडवं पडलं की धाप लागती."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"मला कुणी इचारलंच न्हाय की. काट्यावर उभी कराय न्यायची, आकडा बगायची, आणि पेढं वाटायची तेवढी ऱ्हायलीती." मग आतल्या दाराकडे बघत म्हणाली, "आणि त्याचं त्वांड बगायला पायजे हुतं तुमी. नोकरीवर पाणी सोडून, चोरून आणल्यालं, ते ठावं हुतं मला. लागू पडंना, असं कुठल्या तोंडानं सांगू त्येला?"

इतक्या वर्षांत मी शेकडो जबाब घेतले. त्यातला एकही मला इतका खरा वाटला नाही.

पंचनामा हवालदारांवर सोपवून आक्काला जीपमध्ये बसवलं. दवाखान्यात त्याच दुपारी डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं. दाजींना आणि पैलवानाला तारीख चुकवल्याबद्दल चांगलंच झापलं, आणि ते झापणं योग्यच होतं. नंतर तिचं वजन केलं, तर पावडर सुरू केली तेव्हापेक्षाही कमी भरलं. बाहेरच्या बाकावर मी पैलवानाला गाठीचं आणि वजाबाकीचं सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी गाठीला खुराक घातला व्हय, सायेब?"

"तसं डॉक्टरबाईसुद्धा म्हणत नाहीत," मी म्हणालो. "कुणालाच ते ठाऊक नाही."

हे खरं होतं, पण त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतून आक्काने हाक मारली. गेला तर म्हणते, "रडतोस काय मर्दा? पोटातलं वझं गेलं. आता जरा भूक लागलीया. भाकरी मिळती काय बग कुठं." तो माणूस त्या दुपारी दवाखान्याच्या आसपासच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून ज्वारीची भाकरी घेऊन आला. तिने चतकोर खाल्ली.

गुन्हा गुन्ह्याच्या जागी होता. मी दोषारोपपत्र पाठवलं. पैलवानाने न्यायालयात कबुली दिली, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडण्यात आलं. प्रयोगशाळेतली नोकरी मात्र गेली. डॉक्टरबाईंनी पुरवणी जबाबात आपणहून एक ओळ घालायला लावली होती की याच्या वजनांच्या वहीत एकही चूक सापडलेली नाही. मी ती ओळ तशीच ठेवली.

आक्काचे पुढचे डोस सुरू झाले. काही महिन्यांनी त्या बाजूला बंदोबस्त होता, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. तिने दूध दिलं. मनात जे सलत होतं ते मी तिला सांगून टाकलं, की डबा आदल्या दिवशीच उचलता आला असता, गुण येतोय असं वाटून मीच एक दिवस लांबवला.

ती हसली. "एका दिसानं काय हुतंय? पर सायेब, तुमीबी काट्यालाच इचारलासा की. मी शेजारीच हुते."

नंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. साक्षीदार, संशयित, कागदपत्र हे सगळं होतंच, पण ज्याच्या जिवावर बेतलेलं असे त्याच्याजवळ आधी जाऊन बसायचं आणि तुला काय होतंय असं विचारायचं. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात आजारी माणसाच्या खोलीत सगळे बोलतात ते त्याच्या डोक्यावरून, एकमेकांशी. पोलीस, डॉक्टर, घरचे, कुणीच याला अपवाद नाही. मीही नव्हतो.

आक्का पुढच्या वर्षी गेली. पैलवान ते सांगायला ठाण्यात आला. आता तो गावातच म्हशी सांभाळतो. बाकावर बसला. मग म्हणाला, "सायेब, शेवटाला रोज इचारत हुतो तिला, काय हुतंय म्हणून. लई वाईट वाटायचं ऐकून. पर खरं सांगायची." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि त्याला गप्प हो म्हणावंसं मला वाटलं नाही.